हौसेने राखलेलं पाणी

1958 साली इंग्लंडमधल्या वॉरिकशर परगण्याच्या कौन्सिलला एक पूल नव्याने बांधायचा होता. पुलाखालून स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालवा जात होता. बोटी जातील इतका उंच पूल बांधायचा तर खर्च वाढत होता, आणि कालवा तर गाळाने आणि पाणवनस्पतींनी भरून गेलेला. मग कालवाच रद्द करून घ्यावा, असं कौन्सिलने ठरवलं. कायद्यात तशी सोय होती. गेल्या तीन वर्षांत या पाण्यातून कोणी बोट नेलेली नाही, एवढं दाखवलं की काम झालं असतं. ते दाखवता आलं नाही. कनू घेऊन गेलेल्या हौशी मंडळींनी रीतसर टोल भरला होता आणि त्याची पावती जपून ठेवली होती. पावतीवरची तारीख त्या तीन वर्षांतली निघाली. कालवा वाचला. पुढे नॅशनल ट्रस्टने तो चालवायला घेतला. स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगातले कैदी यांनी मिळून गाळ उपसला, बोटींना वर-खाली नेणारे लॉक दुरुस्त केले आणि जुलै 1964मध्ये राजमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला.

इंग्लंडच्या आतल्या पाण्यावर हौसेखातर बोट बाळगणाऱ्या माणसांबद्दल लिहायचं तर मला याच पावतीपासून सुरुवात करावीशी वाटते. कोळसा आणि चिनी माती वाहून नेण्यासाठी खोदलेले हे कालवे आज पाण्याने भरलेले आहेत ते कोळशामुळे नव्हे. शनिवारी सकाळी कॅनव्हासचं छप्पर मागे सारून इंजिन सुरू करणाऱ्या, बहुतेक वेळा साध्या नोकरदार माणसांमुळे आहेत. त्यांची छोटी मोटर क्रूझर ही चैनीची वस्तू आहे असं लांबून वाटतं. जवळून पाहिलं तर तिचा मालक एका मोठ्या सार्वजनिक ठेव्याचा राखणदार असतो.

या ठेव्याचा उगम 1761चा. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या वर्स्ली इथल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी जेम्स ब्रिंडलीच्या देखरेखीखाली कालवा झाला आणि मँचेस्टरमधला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग देशभर कालव्यांची लाट आली. पाणी वाचावं आणि खर्च आवाक्यात राहावा म्हणून मिडलंड्समधले लॉक अरुंद ठेवले गेले: सुमारे 72 फूट लांब आणि जेमतेम 7 फूट रुंद. त्या एका निर्णयाने पुढच्या अडीचशे वर्षांच्या बोटींची रुंदी ठरून गेली. आजही अरुंद कालव्यांवर फिरायचं तर बोट 6 फूट 10 इंचांहून रुंद चालत नाही. क्रूझर विकत घेणारा नवखा माणूस आतल्या पलंगाची लांबी मोजतो. अनुभवी माणूस आधी बाहेरची रुंदी मोजतो.

रेल्वे आली आणि कालव्यांची उतरती कळा सुरू झाली. 1948मध्ये त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. 1962-63च्या हिवाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे गोठून राहिलं आणि उरलासुरला माल कायमचा रस्त्यावर गेला. पण तोवर दुसरी एक हालचाल सुरू झाली होती. टॉम रोल्ट नावाचा इंजिनिअर ‘क्रेसी’ या जुन्या लाकडी नॅरोबोटीवर, म्हणजे अरुंद कालव्यांच्या मापाच्या लांबट बोटीवर, राहत होता. त्याचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक 1944मध्ये आलं, आणि ते वाचून भेटलेला रॉबर्ट एकमन व इतर काहीजण यांच्यासोबत त्याने 1946मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन केली. बर्मिंगहॅमजवळ याच स्ट्रॅटफर्ड कालव्याच्या उत्तर भागात रेल्वे कंपनीने उचलत्या पुलाच्या जागी ठेंगणा कायमचा पूल टाकला होता. कालव्यावर जा-ये करण्याचा हक्क कायद्याने शाबूत होता. सूचना दिल्यास पूल उचलू, असं सरकारने संसदेत कबूल केलं होतं. रोल्टने 1947मध्ये सूचना दिली. रेल्वेची माणसं आली, जॅक लावून पूल उचलला आणि ‘क्रेसी’ खालून गेली. हक्क वापरला तरच हक्क उरतो, हे या मंडळींनी फार लवकर ओळखलं होतं. 1950मध्ये मार्केट हार्बरो इथे त्यांनी बोटींचा पहिला मोठा मेळावा भरवला, आणि 1968च्या वाहतूक कायद्यात काही जलमार्ग चक्क ‘क्रूझिंग’साठी, म्हणजे लोकांच्या विहारासाठी, राखले जातील अशी तरतूद झाली.

कायदा झाला खरा, पण बोटी कुठून आणायच्या? लाकडी क्रूझर सुंदर असते, पण दर वर्षी ती पाण्याबाहेर काढून घासणं, सांधे भरणं, वार्निश चढवणं हा पैशाचा आणि वेळेचा खेळ. उत्तर मिळालं ते फायबरग्लासमधून. एकदा साचा झाला की त्यातून एकसारख्या, हलक्या, न कुजणाऱ्या बोटी काढता येतात. लेस्टरशरमधलं हिंकली हे गाव समुद्रापासून दूर, देशाच्या पोटात. तिथे जॉन फ्रीमनच्या कारखान्यात फ्रीमन क्रूझर बनू लागल्या. आत लाकडी कपाटं, दोन बर्नरची शेगडी, दिवसा बसायला आणि रात्री झोपायला होणारी बाकं. नॉर्मन, डॉनक्राफ्ट, शेटलँड अशी आणखी नावं आली. शिक्षक, फोरमन, छोटे दुकानदार यांना पहिल्यांदाच स्वतःची बोट परवडू लागली. यांतल्या कितीतरी बोटी पन्नास वर्षांनंतरही चालू आहेत, तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातात.

आज कालव्यांवर मान आहे तो पोलादी नॅरोबोटीला. रंगवलेले गुलाब, पितळी कड्या, संथ डिझेल इंजिनाचा ठेका. पर्यटनाच्या पोस्टरवर तीच असते. फायबरग्लासच्या क्रूझरला नॅरोबोटवाले गमतीने ‘योगर्ट पॉट’ म्हणतात. मला या थट्टेत अन्याय दिसतो. पोलादी नॅरोबोटीची किंमत लहान घराच्या वाटेने जाते. जुनी क्रूझर मात्र वापरलेल्या मोटारीच्या भावात मिळते. पाण्यावर यायची सगळ्यात स्वस्त वाट तीच आहे, आणि सार्वजनिक पाण्याला अशी वाट असावीच लागते.

स्वस्त म्हणजे सोपी नव्हे. जुनी क्रूझर घेताना ती पाण्याबाहेर उचलून सर्व्हेअरकडून तपासून घ्यावी लागते. तो लहान हातोडीने बोटीच्या अंगावर ठोकत जातो आणि आवाज कुठे बद्द होतो ते ऐकतो. यंत्राने आतला ओलावा मोजतो. फायबरग्लास कुजत नाही, पण वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यावर वरच्या गुळगुळीत थरातून ओल आत शिरते आणि फोड येतात. त्याला ऑस्मोसिस म्हणतात. थोडे फोड असले तर घाबरायचं कारण नसतं, सगळं पोट फोडांनी भरलं असेल तर दुरुस्तीचा खर्च बोटीपेक्षा जास्त होऊ शकतो. पाण्याखालच्या धातूच्या भागांवर ॲनोड लावलेले असतात. ते स्वतः झिजून प्रोपेलर-शाफ्ट वाचवतात. खाऱ्या पाण्यात ते जस्ताचे असतात, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. समुद्रावरून आणलेली बोट जस्ताचे ॲनोड तसेच ठेवून नदीत सोडली, तर ते फारसं काम करत नाहीत आणि झीज भलतीकडे होते. अनेक क्रूझरना आउटड्राइव्ह असतो: इंजिन आत, आणि प्रोपेलरचा पाय मागच्या फळीतून बाहेर. त्या जोडावर रबराचे घडीदार बेलोज असतात. रबर जुनं झालं आणि फाटलं तर पाणी थेट बोटीत येतं. हिवाळ्यात धक्क्यावर उभ्या-उभ्या बोटी बुडतात, त्यामागे पुष्कळदा असलं एखादं जुनं रबर असतं, नाहीतर थंडीने फुटलेला पाइप.

पेट्रोल इंजिन असेल तर आणखी एक शिस्त. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, साचून राहते. म्हणून किल्ली फिरवण्याआधी ब्लोअर चालवून वाफ बाहेर काढायची, नाकाने वास घ्यायचा, मगच इंजिन. शेगडीचा गॅसही असाच जड असतो. म्हणून त्याच्या सिलिंडरच्या कप्प्याला थेट बाहेर उघडणारं भोक असतं. या सगळ्याची तपासणी बोट सेफ्टी स्कीमखाली दर चार वर्षांनी होते. ते प्रमाणपत्र आणि विमा असल्याशिवाय कालव्यांचा परवाना मिळत नाही.

सर्वांत मोठा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. जून 2016मध्ये नॉर्फक ब्रॉड्सवर, रॉक्सम इथे, ‘लव्ह फॉर लिडिया’ नावाच्या मोटर क्रूझरवर एक जोडपं मृतावस्थेत सापडलं. कॅनव्हासचं छप्पर चारी बाजूंनी बंद होतं आणि इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत साचला होता. सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी खात्याने त्यावर अहवाल दिला, आणि एप्रिल 2019पासून राहण्याजोग्या बोटींवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा झाला. गारव्याला छप्पर ओढून घ्यावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, म्हणूनच हा अपघात कोणाचाही होऊ शकतो. ज्यांच्या ओळखीत कोणाची बोट असेल त्यांनी हे एवढं तरी त्यांना विचारावं: अलार्म आहे का, आणि शेवटचा कधी तपासला?

चालवायला मात्र कागद लागत नाही. इंग्लंडच्या आतल्या पाण्यावर स्वतःची बोट हाकायला ड्रायव्हिंग लायसन्ससारखा परवाना आवश्यक नाही. परवाना असतो तो बोटीचा. म्हणून शहाणे लोक दोन दिवसांचा हेल्म्समनचा कोर्स करतात. रस्त्यावर डावीकडून जाणाऱ्या या देशात पाण्यावर उजवी बाजू धरायची, ही पहिली सवय. बोटीला ब्रेक नसतो ही दुसरी. आउटड्राइव्हला सुकाणूचं पान नसतं. प्रोपेलर ढकलतो त्या दिशेने बोट वळते, म्हणजे गिअर न्यूट्रलला टाकला की दिशा हातातून गेलीच. सतरा टनांची नॅरोबोट वाऱ्याला फारशी दाद देत नाही. दोन-अडीच टनांची क्रूझर वाऱ्याच्या एका झुळकीने आडवी होते, नाळ एकीकडे आणि पिछाडी दुसरीकडे. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, थेम्सवर ताशी 8 किलोमीटर. बोटीमागे लाट उठून काठावर फुटायला लागली, तर आकडा काहीही असो, तुम्ही वेगात आहात. त्या लाटेने काठची माती ढासळते, पाणउंदरांची बिळं बुडतात आणि बांधलेल्या बोटीत कोणाचा तरी उकळता चहा सांडतो.

खरी परीक्षा लॉकमध्ये. दोन दारांमधली दगडी खोली; झडपा उघडून तिच्यात पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट वर किंवा खाली. कालव्यावर हे काम ज्याचं त्याने करायचं, विंडलास नावाच्या लोखंडी हँडलने. मार्केट हार्बरोजवळच्या फॉक्स्टनला टेकडीवर ओळीने दहा लॉक आहेत, 1814 साली खुले झालेले. पाचाचे दोन जिने. एका लॉकचं वरचं दार तेच पुढच्याचं खालचं. बाजूच्या तळ्यांत पाणी घेऊन-देऊन सगळा हिशेब जुळवलेला. झडपांचे दांडे लाल आणि पांढरे रंगवले आहेत, आणि लाल आधी उघडायची; क्रम चुकला तर पाणी भलत्या खोलीत जातं. सुटीच्या दिवशी दोन्ही काठांवर माणसांची गर्दी असते, लहान मुलं दाराचे लांब दांडे पाठीने ढकलायला धावतात, आणि स्वयंसेवक लॉक-कीपर प्रत्येक नव्या बोटीला तोच नियम तितक्याच आस्थेने समजावतात. दोन शतकांपूर्वी अंगमेहनतीच्या बेताने आखलेलं हे यंत्र आजही अंगमेहनतीनेच चालतं. आणि नवख्याच्या हातातला दोर धरायला अनोळखी माणूस पुढे येतोच.

खाली उतरताना जीव घेणारी गोष्ट म्हणजे सिल. वरच्या दाराखाली दगडी उंबरा असतो. पाणी भरलेलं असताना तो दिसत नाही. बोटीची पिछाडी त्यावर राहिली आणि पाणी उतरत गेलं, तर मागचा भाग अडकतो आणि नाळ खाली जाते. काही मिनिटांत बोट बुडू शकते. म्हणून काठावर पांढरी रेघ मारलेली असते आणि बोट तिच्या पुढे ठेवायची असते. दुसरा नियम दोराचा. खुंटाभोवती वेढा द्यायचा, गाठ कधीच मारायची नाही. पाणी उतरतं तसा दोर सोडत राहायचा; गाठ मारली तर बोट भिंतीला लटकते.

थेम्सचा बाज वेगळा. टेडिंग्टनला भरती-ओहोटी संपते; तिथून लेचलेडपर्यंत सुमारे 200 किलोमीटरमध्ये 44 लॉक आहेत. ही नदी एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे. इथल्या लॉकवर कर्मचारी असतात, ऑक्सफर्डपर्यंतची बहुतेक दारं यंत्राने हलतात, काठावर फुलझाडांचे ताटवे असतात. पावसाळी दिवसांत लॉकवर पिवळे किंवा लाल फलक लागतात. पिवळा म्हणजे प्रवाह वाढतोय किंवा ओसरतोय, सावध राहा. लाल म्हणजे प्रवाह जोरात आहे, बोट काढू नका. ऑक्सफर्डचा ऑस्नी पूल पाण्यापासून सुमारे 7 फूट 6 इंच उंच. दुमजली, उंच क्रूझर तिथून मागे फिरतात. पुढची वळणावळणाची, एकाकी नदी फक्त ठेंगण्या बोटींना मिळते. रेडिंग, स्लाउ या भागात नोकरीनिमित्त गेलेली बरीच मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या घरापासून ही नदी फार दूर नाही, आणि विंडसर, हेन्लीला तासाच्या भाड्याने लहान बोट मिळते. काठावरून फोटो काढून परतण्यापेक्षा एकदा तरी पाण्याच्या पातळीवरून ही नदी पाहावी.

टेडिंग्टनला थांबलंच पाहिजे. मे 1940च्या अखेरीस फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश सैन्य अडकलं तेव्हा थेम्सवरच्या खासगी मोटर क्रूझर गोळा करण्याचं मोठं काम टेडिंग्टनच्या टफ बंधूंच्या बोटयार्डाने केलं. नदीसाठी बांधलेल्या बोटींना पाणी कमी लागतं. उथळ किनाऱ्यापर्यंत मोठी जहाजं जाऊ शकत नव्हती, तिथे या जात होत्या. ‘टायटॅनिक’वरून वाचलेला सेकंड ऑफिसर चार्ल्स लाइटोलर स्वतःची ‘सनडाउनर’ घेऊन गेला आणि सुमारे 130 सैनिकांना परत घेऊन आला. त्या ताफ्यातल्या काही बोटी आजही चालू स्थितीत आहेत. त्यांचे मालक दर पाच वर्षांनी डंकर्कला जातात, 2025मध्येही गेले. त्या बोटी टिकल्या त्या पिढ्यानपिढ्या कोणीतरी पदरमोड करून सांभाळल्या म्हणून.

पदरमोड हा शब्द आता सगळ्याच बोटवाल्यांच्या तोंडी असतो. 2012पासून इंग्लंड-वेल्समधले सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. लॉकची ओकची दारं साधारण पंचवीस वर्षं टिकतात. मग ब्रॅडली आणि स्टॅन्ली फेरी इथल्या कार्यशाळांत प्रत्येक लॉकच्या मापाने नवी बनवावी लागतात. नोव्हेंबर ते मार्च एकेक भाग बंद ठेवून ही कामं चालतात. एका अरुंद लॉकचं एक भरणं म्हणजे एक लाख लिटरहून अधिक पाणी, आणि ते पाणी डोंगरमाथ्यावरच्या दोनशे वर्षं जुन्या तलावांतून येतं. 2025च्या कोरड्या वसंत-उन्हाळ्यात ते तलाव आटले आणि लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग बोटींना बंद करावा लागला. सरकारचं अनुदान 2027नंतर टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. तूट भरायला परवाना शुल्क महागाईपेक्षा वेगाने वाढतं आहे, आणि एप्रिल 2024पासून कायमची जागा नसलेल्या बोटींवर अधिभार बसला आहे.

या अधिभाराचा वाद कडवट आहे. 1995च्या कायद्याप्रमाणे ज्याच्याकडे कायमची जागा नाही त्याने खरोखर प्रवास करत राहायचं, एका ठिकाणी 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. लंडनमधली घरभाडी परवडत नाहीत म्हणून जुनी क्रूझर घेऊन तिच्यात राहणारी माणसं या नियमाखाली जगतात. दर पंधरवड्याला घर हलवायचं, मुलांची शाळा आणि कामाची जागा मात्र तिथेच. ट्रस्टचं म्हणणं असं की फिरत्या बोटी काठाच्या सोयी जास्त वापरतात, त्यांनी जास्त द्यावं. ते पूर्ण चूक नाही. तरीही माझा कल बोटवाल्यांकडे आहे. 23 फुटांच्या फायबरग्लासमध्ये हिवाळा काढणाऱ्याच्या खिशातून कालव्याची तूट भरून निघणार नाही. तो पाणी सोडून गेला तर त्याची बोट भंगारातही कोणी घेणार नाही, कारण फायबरग्लास वितळवून पुन्हा वापरता येत नाही. ती एखाद्या वळणावर शेवाळत पडेल, अर्धी बुडेल, आणि ती उचलून नष्ट करण्याचा खर्च शेवटी ट्रस्टच्याच माथी येईल. काठावरून चालणारे, सायकली चालवणारे, मासे धरणारे, कालव्याकाठी घर असल्याने ज्यांच्या घराचा भाव वाढला ते, हे सगळे या पाण्याचे लाभार्थी आहेत. बोटवाले त्यांच्यातला एक छोटा गट. सरकारने हात आखडता घेणं मला म्हणूनच पटत नाही.

लेचलेडच्या वर अर्ध्या-पाऊण मैलावर इंग्लशॅमला लॉक-कीपरसाठी बांधलेलं जुनं गोल घर आहे. थेम्स आणि सेव्हर्न या दोन नद्या जोडणारा कालवा 1789मध्ये इथे थेम्सला येऊन मिळाला होता. विसाव्या शतकात तो सोडून देण्यात आला. आज क्रूझरला इथूनच वळून परत फिरावं लागतं. पण त्या कालव्याच्या पश्चिमेकडच्या भागात, ग्लॉस्टरशरमध्ये, अनेक वर्षं खोदकाम आणि लॉकबांधणी चालू आहे. त्यासाठी वॉटरवे रिकव्हरी ग्रुप या स्वयंसेवकांच्या गटाची आठवडाभराची शिबिरं भरतात. अठरा वर्षांवरचं कोणीही नाव नोंदवू शकतं, पूर्वानुभव लागत नाही. विटा रचायला, चुना कालवायला तिथेच शिकवतात. इंग्लंडमध्ये शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना बोट परवडणार नाही, पण उन्हाळ्याच्या सुटीतला एक आठवडा देता येण्यासारखा आहे.